मशीनच्या मागचा कापूस

त्या दिवशी सकाळी माझ्या बायकोनं माझ्या गालावर पांढरा डाग पाडला. फोटो उन्हात धरला, डोळे बारीक करून पाहिलं आणि हसली.

"आता तुमाले कोण पोरगी देईन?"

"तुह्या बापानं देली नं," मी म्हणालो. "आता तो वापस घ्यायले येत नाई."

"आला असता तर कधीच गेली असती. घ्या, पट्ट्या मोडा."

फोटोचा कागद मशीनमधून निघतो तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना एकेक कोरी पट्टी असते. ती एकदा मागं वाकवायची, एकदा पुढं वाकवायची, मग ओढायची. ते काम माझं. पट्ट्या ती फेकू देत नसे. देवाजवळ एक डबा होता, त्यात टाकायला लावी. दिव्याची वात वर सारायला हे चांगलं, बोटं तेलकट होत नाहीत, असं तिचं म्हणणं. मी दोन्ही पट्ट्या मोडल्या आणि डब्यात टाकल्या.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. आधी माहीत असतं तर जरा हळू मोडल्या असत्या.

डाग माझ्या गालावर नव्हता, फोटोवर होता, आणि तो तिनं मुद्दाम पाडला होता. कशासाठी, ते सांगतो. मी चौथीच्या पुढं शाळेत गेलो नाही, म्हणून जसं झालं तसंच सांगता येतं.

ते मशीन म्हणजे घरच्या घरी फोटो छापायचा प्रिंटर. दोन विटा शेजारी ठेवल्या तर होईल एवढा. आमच्या जावयाचं मलकापूरला फोटोचं दुकान आहे. त्यानं मोठं मशीन घेतलं तेव्हा हे लहान पडून राहिलं. पोरीनं ते मायला आणून दिलं. मायचे गुडघे गेले होते, कापूस वेचायला वावरात जाता येत नव्हतं, आणि घरी बसल्या बसल्या ती दिवसभर माझ्यावर ओरडत होती. पोरीला वाटलं, बुढीच्या हाताला काम लागलं तर बापाचे कान वाचतील. कान काही वाचले नाहीत. पण मशीन तिला आलं. कॅमेऱ्यातली चिप काढायची, मशीनच्या खाचेत सरकवायची, बाण दाबून फोटो शोधायचा आणि हिरवं बटण दाबायचं. अक्षरं वाचण्याचं काम नव्हतं. सगळी चित्रं होती.

मशीनसोबत एक ट्रे आला होता. समोरून खणासारखा आत घालायचा, त्यात पोस्टकार्डाएवढा कागद. पण गावाला पाहिजे होते अर्जावर डकवायचे लहान फोटो. बीटीचं बियाणं आलं तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बोंडांनी अशी लदली की लोक वावरात जाऊन नुसते उभे राहत. मग पानं लाल पडायला लागली, बोंडं उमलेनात, फवारे मारून मारून पाठीवरचा पंप उतरेना. बोंडं कमी झाली आणि अर्ज वाढले. विम्याचा अर्ज, नुकसानीचा अर्ज, बँकेचं पासबुक, प्रत्येकाला फोटो. तेव्हा आम्हाला कळलं की लहान कागदाचा ट्रे वेगळा मिळतो, त्याची शाईची रिबीनही वेगळी. तो मलकापूरहून मागवला. मग लोडशेडिंगपायी बॅटरी मागवली. ती मशीनच्या पाठीला अडकते, पोरगं पाठीवर घेतल्यासारखी.

"मशीन एक आन् त्याचे सोयरे किती व?" मी म्हणालो होतो.

"नवरीसंगं कलवऱ्या येत नाई काय?" ती म्हणाली.

दोन्ही ट्रे ती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवी. मशीनला तिनं जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं होतं, खाली नाडी लावून. फोटो काढताना मी माणसाच्या मागं पांढरी चादर धरून उभा राहायचो. गावातल्या निम्म्या लोकांच्या फोटोच्या कोपऱ्यात माझी बोटं आहेत.

मशीनची एक तऱ्हा होती. कागद एकदम छापून निघत नाही. चार वेळा आतबाहेर होतो, आणि दर वेळी त्याचं टोक मशीनच्या मागून बाहेर डोकावतं. पहिल्या खेपेला माणूस नुसता पिवळा, मग त्यावर लाल, मग निळा, आणि शेवटी वरून चकाकी. लोकांना दम नसे. पिवळं तोंड दिसलं की कागद ओढायचे आणि फोटो बरबाद. म्हणून ती पुजाऱ्यासारखी म्हणत राहायची, "हळद झाली... थांबा, कुंकू लागून राह्यलं... आता नीळ... आता तेल लागू द्या. हाव, घ्या आता."

त्या वर्षी कापसाचा भाव असा पडला की कुणी कापूस विकेना. आज चढेल, उद्या चढेल, म्हणून सगळ्यांनी घरात भरून ठेवला. आमचं मधलं घर आढ्यापर्यंत भरलं. अंगाला खाज, भातात कापूस, चहात कापूस. मशीनचं टेबल सरकत सरकत कापसाच्या ढिगाला टेकलं. मग कागद मागून डोकावला की कापसाला शिवायचा, एखादा धागा चिकटून आत जायचा, आणि तेवढ्या जागी रंग लागायचा नाही. फोटोवर पांढरा ठिपका. कुणाच्या मिशीवर, कुणाच्या टोपीवर. कुणी काही म्हटलं नाही. अर्जाला फोटो पाहिजे होता, आणि गावातल्या माणसाला कापूस ओळखू येतो.

शेजारच्या घराची आणि आमची भिंत एकच. तिथली थोरली पोरगी रांगायला लागली तेव्हापासून आमच्याकडे. माझ्या बायकोला मोठीमाय म्हणायची, मला मोठेबाबा. बारावी झाली, शिवणकाम शिकली, आणि पिंपळगाव राजाहून तिच्यासाठी विचारणा आली. पोरगा मोटारपंप दुरुस्त करायचा, घर चांगलं. रीतीप्रमाणं आधी फोटो जातो, तो पसंत पडला तर मुलाकडचे पाहायला येतात. माझ्या बायकोनं तिला स्वतःची हिरवी साडी नेसवली, मी चादर धरली, मोठ्या ट्रेवर फोटो छापला. पोरगी देखणी आली. ओठाच्या कोपऱ्यावर मोहरीएवढा पांढरा ठिपका होता. तो बायकोनं पाहिला, मी पाहिला, पोरीच्या बापानं पाहिला. कापूस, म्हणून तिघंही पुढं पाहून मोकळे झालो.

परगावच्या माणसाला मात्र तिथं कापूस दिसला नाही.

मध्यस्थ मोटरसायकलवर आला. खाली उतरला नाही, बोळीतच गाडी चालू ठेवून बोलला. पोरीचा बाप तसाच आमच्याकडे आला, हातात फोटो.

"वयनी, हे काय आहे?"

"कापूस."

"त्यायले कोड दिसून राह्यलं. ओठापासूनच सुरू होते म्हणते. पोरीले डाग आहे आन् आपून लपवलं, असं म्हणून राह्यले ते."

बायकोनं टेबल ओढून भिंतीला घेतलं, मशीनच्या मागची जागा झाडली आणि तोच फोटो पुन्हा छापला. स्वच्छ निघाला. मध्यस्थाबरोबर पाठवला. तिथंच काम जास्त फसलं. निरोप आला, पहिल्यात डाग होता आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे कॉम्प्युटरवर पुसला. पुसला म्हणजे आहेच.

मग ते गावात पसरलं. चक्कीवर दळण आणायला गेलेल्या बायका पोरीच्या तोंडाकडे पाहून बोलायच्या थांबायला लागल्या. ज्यांच्या स्वतःच्या फोटोवर कापूस होता त्याही. एक सोयरीक मोडली तर दुसरी येते, पण कोडाचं नाव लागलं की धाकट्या बहिणीलाही लागतं. पोरगी आरशासमोर उभी राहून ओठाचा कोपरा घासायची. घासून घासून तिथं कातडी निघाली.

"घासू नको व," माझ्या बायकोनं तिचा हात धरून ठेवला. "आता नाई तो डाग तू खरा करशीन."

"मोठीमाय, खरंच नाई नं काही तथी?"

स्वतःच्या तोंडावर तिचा स्वतःचा भरवसा राहिला नव्हता. बायको त्या दिवशी जेवली नाही.

पोरीच्या बापाला ती म्हणाली, "आन् असतं कोड तरी काय होतं? कोड म्हणजे काय चोरी आहे?"

"तुमी म्हणू शकता वयनी. तुमची पोरगी उजवली."

तिला गप्प करणारं बोलणं मी फार कमी ऐकलं.

मी म्हणालो, पोरीलाच नेऊन दाखवा. बाप अंगावर आला. "माही पोरगी काय गोऱ्हा आहे, दुसऱ्याच्या दारात नेऊन दाखवाले?" तेही खरं होतं. पोरगी मुलाच्या दारात जात नाही, तशी रीत नाही. आणि ते इकडे येणार नव्हते. उलट मध्यस्थानं शेवटचं सांगितलं की परवा सकाळी ती मंडळी दुसरी पोरगी पाहायला निघणार आहेत.

ते ऐकून माझी बायको भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच म्हणाली, "पोरगी नाई जात तर मशीन जाईन."

तिचा बेत असा. बॅटरी भरून घ्यायची. मशीन, मोठा ट्रे, रिबीन, कॅमेरा पिशवीत घालायचा, आणि फडक्यात बांधून मूठभर कापूस. त्यांच्याच दारात त्यांच्याच घरच्या माणसाचा फोटो काढायचा. एक कापसाशिवाय छापायचा, तोच पुन्हा मागं कापूस ठेवून छापायचा. "त्यायच्याच तोंडावर कोड काढते आन् त्यायच्याच डोळ्यासमोर पुसते. मंग पाह्यते काय म्हणते तर."

"लोकं मारतीन तुले."

"तुमी चादर धरा नं समोर."

जमतं की नाही हे आधी पाहायचं म्हणून तिनं सकाळी मला बाजेवर बसवलं. माझ्या फोटोच्या वेळी कागद मागं डोकावला तेव्हा तिनं कापसाची मूठ तिथं धरली. गालावर वाटाण्याएवढा डाग आला. ती हसली, मी पट्ट्या मोडल्या. हे मी आधी सांगितलंच आहे.

तो फोटो छापण्यात बॅटरी उतरली. त्यानंतर लाइट आली. तिनं बॅटरी भरायला लावली. भरत असताना दिवा केशरी असतो, भरली की हिरवा होतो. पिशवी स्वतः भरून खुंटीला टांगली, फक्त बॅटरी घालायची ठेवली. आणि कापसाच्या ढिगाला पाठ लावून खाली बसली.

"दमल्यावानी वाटून राह्यलं. चहा ठेवा जरा."

मला चहा नीट येत नाही. साखर कुठं, पत्ती कुठं, विचारत होतो आणि ती आतून सांगत होती. पत्तीचं सांगितलं. गाळणीचं विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही. मला वाटलं, रागावली.

जीप केली. तिला खामगावला दवाखान्यात नेत होतो. अर्ध्या वाटेत ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं आणि गाडी सावकाश बाजूला घेतली. मी त्याला शिव्या दिल्या. त्यानं जीप परत वळवली.

पोरगी आणि जावई मलकापूरहून आले. दिवस मावळायच्या आत सगळं झालं. शेजारच्यानं खांदा दिला. जळत होतं तेव्हा तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, आता ते राहू द्या. माह्या पोरीचं नशीब म्हणतो मी."

मी बाजूला पडलेलं एक लाकूड जाळात सारलं.

सकाळी उजाडलं तेव्हा घरात तिच्या जागेवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवलेला होता, वर टोपलं. माझी पोरगी त्याच्याजवळ बसली होती. मी चूळ भरली आणि टेबलाकडे गेलो. बॅटरीचा दिवा हिरवा झाला होता. आम्ही सगळे मसणात होतो तेव्हा ती भरत राहिली होती. मी ती काढली, पिशवीत घातली आणि पिशवी खांद्याला लावली.

"बाबा, कुठी?"

"पिंपळगावले."

"सुतकात?" ती उठून दारात आडवी उभी राहिली. "काल माय गेली आन् आज तुमी लोकाच्या लग्नाच्या कामाले चालले? लोकं काय म्हणतीन? अन् ते दारात उभे करतीन काय तुमाले?"

"दारात नाई जात. दाराच्या बाहेर उभा राह्यतो."

"बाबा, तुमाले ते मशीन चालवता येत नाई!"

हे मात्र खरं होतं. मी चादर धरणारा माणूस.

तेवढ्यात शेजारची पोरगी आली. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून तिच्या मायनं भाकरी पाठवली होती. ओठाच्या कोपऱ्याला खपली. माझ्या खांद्यावरची पिशवी पाहून तिनं भाकरी खाली ठेवली.

"मोठेबाबा, जाऊ नका. माह्यापायी लोकं तुमाले बोलतीन."

"बोलू दे. मले बोलणारी गेली."

माझी पोरगी दारातून बाजूला झाली. दिव्याकडे जाऊन बसली, पाठ करून.

एसटीत मी मागं उभा राहिलो. कुणाला धक्का लागू नये म्हणून पिशवी पोटाशी धरली. मुलाचं घर विचारत गेलो. दारासमोर गाडी उभी होती, बाया नव्या साड्या नेसून बाहेर पडत होत्या. मी फाटकाच्या बाहेर कडुनिंबाखाली थांबलो आणि ओरडून सांगितलं, कारण न सांगता उभं राहणं बरोबर नव्हतं.

"मी सुतकी आहे. काल माही बायको गेली. आंगणात येत नाई. ज्या पोरीच्या ओठावर तुमी कोड पाह्यलं, तिचा फोटो माह्या बायकोनं छापला होता."

बाया जागच्या जागी थांबल्या. एकीनं पोराला आत ओढलं. मुलाचा बाप पुढं आला. धिप्पाड माणूस, कपाळाला ताजा टिळा.

"माणूस आहे का कोण आहे बे तू? आमी शुभ कामाले निघालो आन् तू मढ्यावरून उठून आला?"

"हो, मढ्यावरूनच आलो. जास्त येळ नाई घेत."

"जा इथून!"

"फोटो काढतो. तुमच्या घरचा कोणाचाही. दोनदा छापतो. मंग जातो."

"सुतक्याच्या हातचा फोटो काढतो? कोणाचा? माह्या पोराचा?" तो फाटकापर्यंत आला. हात उगारतो असं वाटलं. मी हललो नाही. मला हलायला कुठं जागा होती?

तेव्हा ओट्यावरून आवाज आला. त्याची माय बसली होती, पांढरं लुगडं, कपाळ कोरं, तोंडात दात नाही. या सगळ्या निघालेल्या मंडळीत तिला कुणी घेतलेलं नव्हतं.

"माहा काढ म्हणा," ती म्हणाली.

"माय, तू गप बस."

"काऊन गप बसू? मले शुभ कामात कोण नेते? मी रांडव, तो सुतकी. आमी एकमेकाले काय बाटवणार?" ती काठी टेकत फाटकाबाहेर आली आणि कडुनिंबाच्या ओट्यावर बसली. "काढ बावा."

फाटकाशेजारी बैल सोडलेली एक बंडी उभी होती. तिच्या फळीवर मी मशीन ठेवलं. लुगड्याच्या झाकणाची नाडी सुटेना, बायकोच्या हातची गाठ होती. दातानं सोडली. कॅमेरा कसा धरायचा ते पाहून पाहून माहीत होतं. बटण दाबलं. म्हातारीनं मागितला म्हणून पडद्यावर दाखवला.

"डोकं कापलं बुढ्यानं माहं."

फाटकातून कुणीतरी हसलं. दुसरा बरा आला. चिप मशीनमध्ये घातली, बॅटरी पाठीला लावली, रिबीन बसवली, ट्रे घातला.

लाल दिवा.

ट्रे काढला, घातला. लाल. फिरवून पाहिला, बसेचना. मागं मंडळी जमली होती. मुलाचा बाप म्हणाला, "झाला काय तुहा तमाशा?"

मी डोळे मिटले. ती मशीन लावायची तेव्हा मी पाठ करून चादरीची घडी करत असायचो, मला तिचे हात दिसत नव्हते. आवाज ऐकू यायचे. फडकं सोडल्याचा, ट्रे काढल्याचा, मग एक 'टक', मग ट्रे आत गेल्याचा. तो टक कशाचा? मी ट्रेवरून अंगठा फिरवला. पुढच्या बाजूला एक लहान झाकण होतं. अंगठ्यानं वर केलं. टक. ट्रे घातला. दिवा हिरवा.

कागद निघाला, पिवळा. म्हातारीनं हात पुढं केला.

"हात नका लावू," माझ्या तोंडून निघालं, "हळद झाली, आता कुंकू लागून राह्यलं."

म्हातारी त्या पिवळ्या तोंडाकडे पाहत राहिली. "इतक्या वर्साने लागली बावा मले हळद," ती म्हणाली. यावेळी कुणी हसलं नाही.

लाल झालं. नीळ झाली. तेल लागलं. फोटो स्वच्छ, तोंडावर कुठंच डाग नाही. तो मी मुलाच्या बापाच्या हातात दिला नाही, फाटकाच्या खांबावर ठेवला. मग फडक्यातला कापूस सोडला, कागद जिथून मागं डोकावतो तिथं लावला आणि तोच फोटो पुन्हा छापायला लावला.

"आता पाह्यत राहा. मी हात लावत नाई."

पिवळा कागद मागं गेला, कापसाला शिवला, आत गेला. पुन्हा आला, गेला. मुलाचा बाप बंडीच्या चाकाला हात टेकून वाकून पाहत होता. कागद पुरा बाहेर आला तेव्हा म्हातारीच्या हनुवटीवर पांढरा ठिपका होता. पोरीच्या ओठावर होता त्याच्यापेक्षा मोठा.

त्यानं खांबावरचा फोटो घेतला, हा घेतला. सुतकाचं विसरला. एक पाहिला, दुसरा पाहिला. मग मायकडे गेला आणि अंगठ्यानं तिची हनुवटी पुसली.

"आता पुसून काय पाह्यतं?" म्हातारी म्हणाली. "कापूस आहे तो. आपल्या घरात भरला नाई काय एवढा?"

मी बाण दाबून पोरीचा फोटो शोधला, कापूस दूर ठेवला आणि त्यांच्यासमोर छापला. हिरवी साडी, ओठ स्वच्छ. सगळ्या बाया फाटकाबाहेर येऊन पाहत होत्या.

"माही बायको येणार होती," मी म्हणालो. "ती असती तर लवकर आटोपलं असतं."

मुलाचा बाप गाडीकडे वळला. मग ड्रायव्हरला म्हणाला, "बंद कर. आज कुठीच जाणं होत नाई. ह्या बावानं अपशकुन करून ठेवला." आणि माझ्याकडे न पाहता, "त्या लोकायले सांगजो, गुरुवारी येतो. पोरगी डोळ्यानं पाहू. पसंत पडली तर पुढचं, नाई पडली तर नाई. पण कोडाचा शब्द आमी वापस घेतो. मध्यस्थालेही सांगतो, गावात सांगाले."

"सांगजा," मी म्हणालो. "बोळीत गाडी चालू ठेवून नाई, खाली उतरून."

मी फोटोंच्या पट्ट्या मोडल्या. एकदा मागं, एकदा पुढं. दारात कचरा टाकायचा नाही म्हणून खिशात घातल्या. पोरीचा फोटो त्याला दिला. म्हातारीनं डागाचा आपला मागून घेतला. "चांगला तुमी ठेवा," ती पोराला म्हणाली, "मी मेल्यावर लागन. हा मले पाह्यजे." मग आतून तांब्या मागवला आणि उभ्यानंच माझ्या ओंजळीत वरून पाणी घातलं. कालपासून माझ्या पोटात काही गेलं नव्हतं.

गावात आलो तेव्हा शेजारचा दारातच उभा होता. शुभ निरोप घेऊन मला त्याच्या घरात शिरता येत नव्हतं, म्हणून बोळीतूनच सांगितलं. "गुरुवारी येऊन राह्यले. कोडाचं म्हणणं वापस घेतलं." तो खाली बसला, तिथंच, उंबऱ्यावर. त्याच्या मागं पोरगी उभी होती. मी तिला म्हणालो, "ओठाले तेल लाव. गुरुवारपर्यंत खपली पडली पाह्यजे."

घरात माझी पोरगी दिव्याजवळ तशीच बसली होती. मी मशीन टेबलावर ठेवलं, झाकण घातलं, नाडी बांधली. टोपलं उचललं तर वात तेलात बुडायला आली होती. मी खिशातून एक पट्टी काढली आणि वात वर सारली.